तीन ओळींचें पत्र

गाणाऱ्या माणसाला लग्नमुंजींत, हळदीकुंकवाला किंवा देवळाच्या पायरीवर ओळखीचें कोणी भेटलें कीं, एक प्रश्न हटकून येतो: “काय, सध्यां गाणें काय म्हणतें?” प्रश्न प्रेमाचा असतो, परंतु विचारणाऱ्याला उत्तरासाठीं फार वेळ थांबावयाचें नसतें, हेंही आपल्याला ठाऊक असतें. म्हणून आपण “ठीक चाललें आहे” असें म्हणतों आणि पुढें जातों. सुतारानें केलेला पाट घरांत दिसतो, शिंप्यानें शिवलेली चोळी अंगावर दिसते. पण गेल्या शनिवारीं गायलेला यमन कोठें दाखवावयाचा? जो ऐकावयास हजर होता त्याच्या कानांत तो राहिला असेल तर राहिला; इतरांना तो झाला एवढेंही सांगितल्यावांचून कळत नाहीं.

सांगावें म्हटलें तर दुसरी अडचण उभी राहते. समर्थांनीं दासबोधांत मूर्खाचीं लक्षणें मोजतांना स्वतःची स्तुति करणाऱ्यालाही त्यांत बसविलें आहे. आमच्यासारख्या घरांतून ही शिकवण लहानपणींच कानावर पडते, आणि मुलीच्या कानावर तर ती दुप्पट जोरानें पडते. आपण गावें आणि बोलणें लोकांवर सोपवावें, असा संकेत. संकेत चांगला आहे. परंतु लोकांना आपापले उद्योग असतात, आणि पुष्कळदां असें होतें कीं, गाणाऱ्यानें बोलावयाचें नाहीं व ऐकणाऱ्याला बोलावयास सवड नाहीं, यांत गाणें झालें कीं नाहीं याचाच पत्ता राहत नाहीं. मौन आणि बढाई यांच्यामध्यें एखादी पाऊलवाट आहे कीं काय, हें मीं गेलीं वीस-बावीस वर्षें चालून पाहिलें आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द लिहावेसें वाटतें. कारण गेल्या वर्षीं त्या वाटेवर एक अवघड वळण आलें.

या वाटेचा आरंभ आमच्या थोरल्या मामंजींनीं करून दिला. आमचें घर एकत्र. पुण्यांत सदाशिव पेठेंत तीन पिढ्या एका वाड्यांत नांदल्या, आणि वाडा जाऊन इमारत उभी राहिली तरी तिन्ही बिऱ्हाडें एकाच जिन्यावर राहिलीं. थोरले मामंजी गाण्याचे मोठे रसिक. तरुणपणीं त्यांनीं रात्रीच्या रात्री बैठकी ऐकण्यांत घालविल्या होत्या. पुढें गुडघे धरले आणि त्यांचें जिना उतरणें बंद झालें. तेव्हां ते बसल्या जागेवरून मला विचारीत, “सूनबाई, कोठें गायलीस? कोणाबरोबर गायलीस? नवें काय आणलेंस?” मी येई उशिरां, ते निजत लवकर. म्हणून एकदां म्हणाले, “हीं तीन उत्तरें तीन ओळींत लिहून माझ्या उशाशीं ठेवीत जा. मोठेपणा नको, रडगाणेंही नको. झालें असेल तेवढें लिही.”

त्या चिठ्ठ्या ते जपून ठेवीत. नाशिकच्या वन्सं माहेरीं आल्या म्हणजे त्या वाचीत आणि म्हणत, “दादांनाच कां? मलाही धाड.” मग रत्नागिरीच्या मावशींनीं मागितली; फोंड्याच्या, इंदूरच्या आणि बडोद्याच्या नातलगांनीं मागितली; हळूहळू ज्यांच्या घरीं मी गायलें अशा रसिकांनीं मागितली. थोरले मामंजी गेले त्या महिन्यांत मीं चिठ्ठी लिहिली नाहीं. तेव्हां वन्संनीं कळविलें, “दादांची जागा रिकामी झाली, तुझें गाणें नव्हे.” आज तें पत्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत सुमारें दोनशें घरीं जातें, बहुतेक दूरध्वनीच्या पडद्यावर, आणि दहा-बारा वृद्धांकडे टपालानें. ओळी तीनच्या तेरा झाल्या असतील, पण प्रश्न अजून तेच तीन आहेत.

पहिला प्रश्न, कोठें गायलीस? हा प्रश्न गवयाला विचारतां येतो, हीसुद्धां तुलनेनें नवी गोष्ट आहे. जोंवर गाणें राजदरबारीं होतें तोंवर तें कोठें झालें हें दरबारालाच ठाऊक. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तें एका राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जाहीर जलशांवर. गाण्याला एकच धनी न राहतां पुष्कळ धनी झाले. आणि पुष्कळ धनी झाले म्हणजे त्या सर्वांना वर्दी देणें आलें. स्त्रियांच्या बाबतींत तर याला जेमतेम शंभर वर्षें झालीं आहेत. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनीं तिकीट लावून जाहीर बैठकी सुरू केल्या आणि कुटुंबवत्सल स्त्रीपुरुषांना एकत्र बसून स्त्रीचें गाणें ऐकावयाची सवय लावली. माझ्या नांवाचें पत्रक देवळाच्या भिंतीवर लागतें आणि तें पाहून कोणी मान खालीं घालीत नाहीं, याचें श्रेय माझें नाहीं. तें ऋण आहे.

या पहिल्या ओळींत मी गांव, जागा आणि वेळ लिहितें, आणि काय गायलें त्याबरोबरच काय गातां आलें नाहीं तेंही लिहितें. हें वाचून नव्या वाचकांना नवल वाटतें. पण पाहा, मालकंस आणि दरबारी हे रात्र चढल्यावर गावयाचे राग. १९५३ सालीं पंडित भीमसेन जोशी यांनीं आपले गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यांत महोत्सव सुरू केला, तेव्हां तो रात्रभर चाले. श्रोते घोंगड्या घेऊन बसत आणि उजाडतां उजाडतां भैरवी ऐकून घरीं जात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं आले आणि रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्याला आळा बसला. नियम रोग्यांच्या, मुलांच्या आणि वृद्धांच्या हिताचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु त्यामुळें मध्यरात्रीचे राग संध्याकाळीं सातला गावे लागतात किंवा गाइलेच जात नाहींत. ज्या मुलीनें मालकंस कधींच रात्रीं एकला ऐकला नाहीं, तिला तो काळोखाचा राग कां म्हणतात हें सांगून कळावयाचें नाहीं. म्हणून मी आपली नोंद करून ठेवतें: अमुक गांवीं घरगुती बैठक, ध्वनिवर्धक नाहीं, रात्रीं साडेबाराला मालकंस गायलें, श्रोते चौदा. अशी ओळ लिहितांना मला जितका आनंद होतो तितका हजार श्रोत्यांची ओळ लिहितांना होत नाहीं.

दुसरा प्रश्न, कोणाबरोबर? आपल्याकडे हा प्रश्न पुष्कळदां सुटूनच जातो. पत्रकावर गाणाऱ्याचें नांव बोटाएवढ्या अक्षरांत, आणि तबला व पेटी वाजविणाऱ्यांचीं नांवें मुंगीएवढ्या अक्षरांत. वर्तमानपत्रांत तर “साथसंगत उत्तम होती” एवढ्यावर त्यांची बोळवण होते. ज्या पेटीशिवाय आमचें पान हलत नाहीं तिला आकाशवाणीनें १९४० पासून सुमारें तीस वर्षें दारांत उभें केलें नाहीं. तिला मींड निघत नाहीं आणि तिचे बांधीव सूर आपल्या श्रुतींना जुळत नाहींत, हा आक्षेप. तो अगदींच खोटा होता असें नाहीं. तरीही गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांच्या बोटांखालीं तीच पेटी गवयाच्या गळ्यामागून सावलीसारखी चालत असे. वाद्याला मर्यादा असते, आणि ती ओळखून जो वाजवितो तो गायकाला आपल्या मर्यादा झांकावयास मदत करतो. माझे पेटीवाले आणि तबलजी एकोणीस वर्षें माझ्याबरोबर आहेत. माझा श्वास कोठें संपणार हें माझ्याआधीं त्यांना कळतें. पत्रांत त्यांचें नांव मी माझ्या नांवाच्या ओळींतच लिहितें.

बरोबरीनें गाण्याची आपल्याकडची थोर गोष्ट म्हणजे ‘संयुक्त मानापमान’. मुंबईस ८ जुलै १९२१ रोजीं ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं एकत्र येऊन खाडिलकरांचें नाटक केलें. केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. ज्यांच्या चाहत्यांचे तट पडले होते असे दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, निवर्तले. ही गोष्ट थोरले मामंजी नेहमीं सांगत, आणि शेवटीं म्हणत, “एकत्र गावयाचें असेल तर उद्यांवर टाकूं नये.”

तिसरा प्रश्न, नवें काय आणलेंस? हा सर्वांत कठीण. आपल्या संगीतांत नवें म्हणजे काय, यावरच एक पुस्तक होईल. शंभर वेळां गायलेली बंदिश एकशेएकाव्या वेळीं नवी होऊं शकते, आणि काल रचलेली आजच शिळी वाटूं शकते. पुण्याच्या आकाशवाणीनें १ एप्रिल १९५५ पासून गदिमांचें आणि सुधीर फडक्यांचें ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक गीत याप्रमाणें ऐकविलें. त्या वर्षीं अधिक मास होता, म्हणून एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत ५६ गीतें झालीं. सासूबाई सांगत कीं, त्या वेळीं ज्यांच्या घरीं रेडिओ असे त्यांच्या ओसरीवर आळी जमे. दर आठवड्यास नवें देणें हें त्या दोघांचें सामर्थ्य. माझ्यासारखीला वर्षांतून तीन-चार बंदिशी साधल्या तरी पुष्कळ. ज्या महिन्यांत कांहीं साधलें नाहीं त्या महिन्यांत मी तिसऱ्या ओळींत “नवें नाहीं” असें लिहितें. प्रथम प्रथम हे दोन शब्द लिहितांना हात अडखळे. आतां वाटतें, हे दोन शब्द लिहिण्याची सोय आहे म्हणूनच बाकीच्या ओळींवर कोणी विश्वास ठेवतें.

आतां त्या वळणाची हकीकत सांगतें.

वयाच्या पन्नाशीच्या आसपास स्त्रीच्या प्रकृतींत जे पालट होतात ते तिच्या गळ्यालाही सोडीत नाहींत. स्वरतंतु थोडे जाड होतात, त्यांतला ओलावा कमी होतो, आणि आवाज खालीं उतरूं लागतो. तरुणपणीं माझा षड्ज काळी पांचचा होता. चाळिशींत तो काळी चारवर आला. पुष्कळ जणींचा येतो, त्याचें मला कांहींच वाटलें नाहीं. परंतु गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या सुमारास तार षड्जावर थांबलें कीं, गळ्याला ओढ बसूं लागली. गळ्याच्या डॉक्टरीणबाईंनीं तपासून सांगितलें, “रोग नाहीं. आवाज घर बदलतो आहे. त्याला जुन्या घरांत कोंडून ठेवूं नका.” महिनाभर रोज पहांटे मंद्रांत बसून पाहिलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं, आतां आपलें घर काळी तीन. हल्लींच्या पेट्यांच्या मापानें बोलावयाचें तर, काळी पांच म्हणजे सेकंदास सुमारें २३३ कंपनें आणि काळी तीन म्हणजे १८५. आंकड्यांत हें अंतर लहान दिसतें. गाणाऱ्या बाईला विचाराल तर ती सांगेल कीं, एवढ्या अंतरांत तिचें सबंध तारुण्य मावतें.

आणि सूर बदलणें हें एका गळ्याचें काम नसतें. माझा तंबोरा मिरजेचा. त्याच्या तारा इतक्या उतरविल्या कीं त्या सैल पडून बोलेनाशा झाल्या. म्हणून तो मिरजेस नेऊन जाड तारा चढविल्या आणि नवी जवारी काढून घेतली. कारागिरानें ब्रिजवर कानस फिरवीत फिरवीत सहज विचारलें, “काय ताई, सूर उतरविला?” मीं “होय” म्हटलें. बाहेरच्या माणसाला तें सांगण्याची ती पहिलीच वेळ. तबल्याचें पुडें सुराप्रमाणें लहानमोठें लागतें, म्हणून तबलजींना दुसरा तबला करावा लागला. आणि तारसप्तकांत झेप घेणारीं जीं दोन-तीन नाट्यपदें लोक माझ्याकडून मागून घेत, तीं आतां मला गातां येणार नव्हतीं. सूर खालीं घेऊन गायलीं असतीं; पण त्यांची जी चकाकी लोक मागत ती नव्या सुरांत येत नाहीं, हें मीं घरीं दार लावून पाहिलें होतें.

महिना संपत आला आणि पत्र लिहावयास बसलें. तीन प्रश्नांपैकीं कोणत्याही प्रश्नांत “तुझा सूर कोणता?” असें विचारलेलें नव्हतें. न सांगावें तर खोटें बोलल्यासारखें होणार नव्हतें. सांगावें, तर धंद्याची गोष्ट होती. कार्यक्रम ठरविणाऱ्यांपैकीं पुष्कळजण तें पत्र वाचतात. “बाईंचा आवाज गेला” हे तीन शब्द एकदां सुटले म्हणजे ते परत घेतां येत नाहींत. आणि माझ्या बिदागीवर माझें घर चालत नसलें तरी, पेटीवाल्यांचें व तबलजींचें पुष्कळसें चालतें. म्हणून घरांत बोलणें काढलें. थोरल्या जाऊबाई व्यवहारी. त्या म्हणाल्या, “अगं, दुकानदार आपल्या मालाची खोड गिऱ्हाइकाला हांका मारून सांगतो का? ऐकणाऱ्याला कळेल तेव्हां कळेल.” हे म्हणाले, “पत्र तुझें, गळा तुझा. मी काय सांगूं? पण ज्यांचें पोट तुझ्या गळ्यावर आहे त्यांना आधीं विचार.” तें मला पटलें. तबलजींना विचारलें, तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ताई, नवा तबला घेतला तेव्हांच मला कळलें कीं तुम्ही सांगणार. लपवावयाचें असतें तर सुरांत न बसणारा जुनाच चालविला असता.”

मला त्या दिवसांत कुमार गंधर्वांची फार आठवण येई. १९४८ च्या सुमारास क्षयानें आजारी होऊन ते देवासला जाऊन राहिले आणि कांहीं वर्षें त्यांना गातां आलें नाहीं. अंथरुणावर पडून माळव्यांतलीं लोकगीतें ऐकत राहिले. पुढें गाऊं लागले तेव्हां पूर्वींचा दमसांस नव्हता; पण त्यांनीं पूर्वींच्या गाण्याची नक्कल केली नाहीं. जेवढा श्वास होता तेवढ्यांतून दुसरेंच गाणें उभें केलें. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाहीं. पण गळ्यानें वाट बदलली असतां गायकानें काय करावें, याचा धडा कोणीही घेऊं शकतो.

मीं पत्रांत लिहिलें: “यापुढें मी काळी तीनमध्यें गाईन. आवाज निरोगी आहे, खालीं आला आहे. अमुक दोन पदें मी यापुढें गाणार नाहीं. तीं माझी पुतणी गाईल, तिची तयारी झाली आहे. ज्यांनीं तीं पदें मनांत धरून कार्यक्रम ठरविला असेल त्यांनीं मोकळ्या मनानें कळवावें.” एवढेंच. रडगाणें होऊं नये म्हणून तीन वेळां वाचून पाहिलें आणि एक विशेषण काढून टाकलें.

मोकळ्या मनानें कळवा असें लिहिलें कीं लोक कळवितातच. एका संस्थेनें दिवाळीच्या पहांटेचा ठरलेला कार्यक्रम रद्द केला. कारण, यंदां तरुण कलावंतांना संधि द्यावयाची आहे. आणि भाषा अत्यंत आदराची. मला वाईट वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. त्या पहांटे मी घरींच होतें. सर्वांना उटणें लावलें, फराळाचीं ताटें केलीं. आणि दिवाळीच्या पहांटे आपण सुनामुलांत आहों हें सुख कीं दुःख, तें मला दिवसभर ठरवितां आलें नाहीं. दुसऱ्या एका ठिकाणीं मात्र व्यवस्थापकांनीं लिहिलें, “पदें राहोत, आपण काय गाणार तें सांगा.” आणि घरोघरच्या बायकांचीं पत्रें आलीं, तीं मी अपेक्षिलेलींच नव्हतीं. एक सेवानिवृत्त शिक्षिका लिहिते कीं, वर्गांत प्रार्थना सांगतांना तिचा आवाज असाच बसूं लागला आणि तिनें वीस वर्षें गुणगुणणेंसुद्धां सोडलें. हें वयाचें असतें, रोगाचें नव्हे, हें तिला कोणी सांगितलेंच नव्हतें. तें पत्र वाचून जाऊबाई म्हणाल्या, “ही एक गोष्ट तुझ्या दुकानांत विकली गेली म्हणावयाची.”

आणि मग एक दूरध्वनि आला. बोलणारे गृहस्थ माझ्याहून वीस वर्षांनीं लहान, दुसऱ्या घराण्यांत शिकलेले, नुसत्या ओळखीचे. म्हणाले, “ताई, पत्र वाचलें. माझा षड्ज काळी एक आहे. तुमचा काळी तीन झाला असेल तर आपल्याला एकत्र गातां येईल.” त्यांचें म्हणणें माझ्या ध्यानांत यावयास क्षणभर लागला. स्त्री आणि पुरुष यांचे सूर निराळे, म्हणून एकत्र ख्याल गातांना एकाला तरी आपलें घर सोडावें लागतें. यावर पंडित जसराजांनीं एक तोड काढली, तिला ‘जसरंगी’ म्हणतात. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज धरावयाचा, आणि दोघांनीं आपापल्या षड्जांत निरनिराळे राग गावयाचे; मात्र ते असे कीं, दोहोंच्या पट्ट्या त्याच. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन. मी काळी चारमध्यें असतें तर हा मेळ बसलाच नसता.

ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं हें करून पाहावें. पेटीच्या एका सप्तकांत काळ्या पट्ट्या पांच. पहिल्या काळीला षड्ज मानून त्या पांचांवर बोट फिरवा, दुर्गा निघतो. तिसऱ्या काळीला षड्ज मानून त्याच पांचांवर फिरवा, भूप निघतो. ते दुर्गा गातात, मी भूप गातें. दोन्ही रात्रीच्या पूर्वभागाचे राग, म्हणून काळाचाही विरोध येत नाहीं. त्यांचा तंबोरा षड्ज-मध्यमांत लावला आणि माझा षड्ज-पंचमांत, तर दोन्ही तंबोरे तेच दोन सूर बोलतात. कारण माझा खालचा पंचम तोच त्यांचा षड्ज, आणि त्यांचा मध्यम तोच माझा षड्ज. पहिल्या दिवशीं दोन्ही तंबोरे एकत्र छेडले तेव्हां आमच्या पुढच्या खोलींत एकच तंबोरा वाजत आहे असें वाटलें, आणि स्वयंपाकघरांतून सासूबाई पाहावयास आल्या कीं, दुसरा कां थांबला.

तालीम सोपी नव्हती. पहिले पंधरा दिवस त्यांची तान माझ्या कानांत शिरली कीं, माझा षड्ज हलूं लागे. मग मी डोळे मिटून नुसता तंबोरा ऐकत बसें. भूपाचा वादी गंधार, आणि तो पडतो काळी पांचवर. त्यांच्या दुर्ग्यांत तोच धैवत. आम्ही दोघेही आपापल्या वाटेनें येऊन ज्या पट्टीवर घटकाभर टेकतों ती ही, आणि तरुणपणीं माझा षड्ज होता तोही हाच. हें कोणाला मुद्दाम सांगण्यासारखें नाहीं. पण त्या सुरावर उभी राहिलें म्हणजे मला तो परका वाटत नाहीं.

कार्तिकांत सांगलीजवळच्या एका गांवीं शाळेच्या सभागृहांत आम्हीं हा प्रयोग केला. श्रोते दीडशेंच्या आंतबाहेर. बरें झालें कीं वाईट, तें मीं सांगूं नये. काय झालें तें सांगतें. मध्यलयींत दोनदां आमची समेवर भेट हुकली, आणि ती तबलजींनीं सांवरून घेतली. एका ठिकाणीं मी थांबलें तेथून त्यांनीं सूर उचलला, तेव्हां पुढच्या रांगेंतल्या बायकांनीं एकदम मान हालविली. संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “दोघांचें भांडण नाहीं ना? मग एकच राग कां नाहीं गायलांत?” मला उत्तर सुचेना. माझे भागीदार म्हणाले, “काका, एका घरांत सासूचें व्रत निराळें आणि सुनेचें निराळें असतें, चूल मात्र एकच.” गृहस्थ प्रसन्न झाले.

त्या महिन्याच्या तिसऱ्या ओळींत लिहावयास नवेंही होतें. भूपांत मध्यलय तीनतालाची एक मराठी बंदिश मीं रचली आहे. तिचा सारा व्याप मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंत. तार षड्जाला ती लांबून नमस्कार करते. शब्द आमच्या धाकट्या सूनबाईचे. ती यंत्रांच्या कारखान्यांत नोकरी करते आणि रात्रीं मुलाला निजवितांना असें कांहीं जुळवीत असते. तिचें नांव मीं पत्रांत माझ्या नांवाआधीं घातलें, तर ती लाजून दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं. मग तिनें दुसरें कडवें लिहून माझ्या उशाशीं ठेवलें.

या साऱ्याचा हिशेब मांडला तर काय निघतें? एक पहांट गेली. दोन पदें पुतणीच्या गळ्यांत गेलीं, आणि तीं ती माझ्याहून बरीं गाते असें म्हणणारे निघाले, याचा आनंद मला सवयीनें होऊं लागला आहे. साथीदारांचें एका महिन्याचें नुकसान झालें, तें पुढच्या दोन कार्यक्रमांत भरून निघालें. एक भागीदार मिळाले, एक बंदिश झाली. तोटा आणि नफा यांची बरोबर वजाबाकी मला करतां येत नाहीं. परंतु खरें लिहिलें नसतें तर नफ्याची बाजू कोरीच राहिली असती, एवढें नक्की. ज्याला आपल्याविषयीं कांहीं सांगावयाचें आहे त्यानें स्तुति टाळावी, हें समर्थांचें म्हणणें शिरसावंद्य आहे. पण स्तुति टाळणें म्हणजे हकीकत टाळणें नव्हे. स्तुतींत माणूस आपल्याला मोठें करतो. हकीकतींत तो ऐकणाऱ्याला जवळचें मानतो.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या कुटुंबांत कोणी ना कोणी गाणारें, वाजविणारें असतेंच. एखादी भाची, एखादे काका, भजनाला टाळ धरणारी एखादी आजी. त्यांना पुढच्या वेळीं “गाणें काय म्हणतें?” असें विचाराल तेव्हां जरा थांबा, आणि थोरल्या मामंजींचे तीन प्रश्न विचारा. कोठें, हें तीं आनंदानें सांगतील. नवें काय, हें सांगतांना थोडीं अडखळतील, तिकडे दुर्लक्ष करा. मधला प्रश्न मात्र सोडूं नका. कारण कोणाबरोबर, हें सांगतांना गाणाऱ्याच्या तोंडून पेटीवाल्याचें, तबलजीचें आणि घरांतल्या कोणाचें तरी असें एखादें नांव निघतें, जें तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून कधींच ऐकूं आलें नसतें.